शिक्षा मोजून देणारे क्रियापद

मराठीत शिक्षा ठोठावतात. इंग्रजीत ती मोजून देतात. ‘मीट आउट’ या इंग्रजी फ्रेजल व्हर्बचा आजचा अर्थ शिक्षा देणे, दंड करणे, कुणाला कठोर वागणूक देणे असा आहे. पण त्यातल्या ‘मीट’चा मूळ अर्थ ‘मोजणे’ एवढाच. ‘आउट’ जोडले की ‘मोजून वाटणे, ज्याच्या त्याच्या हिश्शाचे त्याला देणे’ असा अर्थ होतो. एके काळी धान्य, जमीन, कापड असे काहीही या क्रियापदाने मोजता येत असे. आता त्याच्या मापात बहुतेक वेळा शिक्षाच पडते.

या ‘मीट’चे स्पेलिंग एम-ई-टी-ई. भेटण्याचा मीट वेगळा, मांसाचा मीट वेगळा. तिघांचा उच्चार सारखा, त्यामुळे ऐकून लिहिणारे विद्यार्थी न्यायाधीशाला आरोपीची भेट घ्यायला लावतात. देवनागरीत तर तिन्ही शब्द डोळ्यांनाही सारखेच दिसतात. भूतकाळी रूप मात्र फरक उघड करते. भेटण्याचे ‘मेट’ होते, मोजण्याचे ‘मीटेड’.

शब्दाचे घराणे जुने आहे. जुन्या इंग्रजीत ‘मेतान’ म्हणजे मोजणे. जर्मन भाषेत याच कुळातला ‘मेसेन’ हा शब्द आजही बाजारात, प्रयोगशाळेत रोज वापरला जातो. इंग्रजीत मात्र लॅटिनमधून फ्रेंचमार्गे ‘मेझर’ आला आणि मोजण्याचे सगळे काम त्याने आपल्याकडे घेतले. ‘मीट’ एकटा उरला असता तर कोशातच राहिला असता. ‘आउट’च्या आधाराने तो वाचला. ‘मीटर’ हा त्याचा भाऊ वाटतो, पण त्याचे मूळ ग्रीक ‘मेत्रोन’मध्ये आहे. जमिनीच्या इंग्रजी दस्तऐवजांत ‘मीट्स अँड बाउंड्स’ असा शब्दप्रयोग येतो, त्यातला मीटही परकाच. तो लॅटिनमधल्या सीमाखांबाच्या शब्दावरून आला. आपल्या खरेदीखतात ज्याला चतुःसीमा म्हणतात, तेच ते. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, दुसऱ्याला लावलेले माप आपल्यालाही लागते अशा आशयाच्या वचनात हे क्रियापद आहे. मोजमाप आणि न्याय यांची गाठ इंग्रजी वाचकाच्या मनात बसण्यात त्या वचनाचा मोठा वाटा असणार.

मोजून देणे म्हणजे नेमके काय, हे पाहायला रत्नागिरी जिल्ह्यातले पोफळी बरे. चिपळूण तालुक्यातले, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे हे गाव. सुपारीच्या झाडाचे नाव आणि गावाचे नाव एकच. पण महाराष्ट्राला ते माहीत आहे कोयनेच्या विजेमुळे. इथल्या डोंगराच्या पोटात कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे वीजघर आहे. पहिली वीज १९६२ मध्ये निघाली. कोयना नदीचा स्वभाव पूर्वेकडे जाण्याचा. ती कराडला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. प्रकल्पाने त्यातले काही पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवले, सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली आणले आणि पोफळीची चक्रे फिरवली. तेच पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून पुन्हा वीज काढतात आणि मग ते वाशिष्ठी नदीत सोडतात.

हे पाणी किती घ्यायचे ते वीजघर ठरवत नाही. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्यात तंटा होता. १९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला आणि १९७३ मध्ये त्याने निर्णय दिला. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी, कर्नाटकच्या ७०० आणि आंध्रच्या ८०० टीएमसी पाणी आले. महाराष्ट्राच्या हिश्शातूनही कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत बांधून टाकले. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. हिशेबाचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मे रोजी संपते. उन्हाळ्यात धरणात पाणी दिसत असले तरी ‘कोटा संपत आला’ म्हणून वीजनिर्मितीला लगाम घालावा लागतो, तो या आकड्यामुळे. माप एकाच्या हातात, घेणारा दुसरा आणि आकडा आधीच कागदावर. ‘मीट आउट’मध्ये दडलेले चित्र ते हेच. फक्त पाण्याच्या जागी तिथे शिक्षा असते.

लवादाच्या निर्णयाला इंग्रजीत ‘अवॉर्ड’ म्हणतात, तोही शब्द इथे नोंदवण्याजोगा. मराठीत अवॉर्ड म्हणजे पुरस्कार, हार-तुरे, शाल-श्रीफळ. पण धरणात किंवा कालव्यात जमीन गेलेल्या माणसाला ‘अवॉर्ड झाला’ हे वाक्य वेगळ्या अर्थाने ठाऊक असते. भूसंपादनाचा निवाडा निघाला, मोबदल्याचा आकडा ठरला, असा तो अर्थ. भारतीय इंग्रजीत न्यायालय शिक्षाही ‘अवॉर्ड’ करते. जन्मठेप ‘अवॉर्ड’ झाल्याची इंग्रजी बातमी वाचून हसू येते, पण शब्दाचा मूळ अर्थ ‘विचार करून ठरवून देणे’ असा असल्याने त्यात चूक काहीच नाही.

शिक्षेचे माप किती काटेकोर असू शकते, हे जुन्या कायद्यात दिसते. इंग्रजी अमलात फटक्यांची शिक्षा कायदेशीर होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिचे सगळे बारकावे घालून दिले होते. फटके कमाल तीस, सोळा वर्षांखालच्या मुलाला कमाल पंधरा. स्त्रियांना फटके नाहीत आणि न्यायालयाच्या मते पंचेचाळिशी ओलांडलेल्या पुरुषालाही नाहीत. वेताची जाडी अर्ध्या इंचाहून कमी नको. आणि सर्वांत विलक्षण कलम असे, की फटके हप्त्याहप्त्याने मारायचे नाहीत. आज दहा, पुढच्या सोमवारी दहा, असा उधारीचा व्यवहार कायद्याला मंजूर नव्हता. स्वतंत्र भारताने १९५५ मध्ये कायदा करून ही शिक्षा रद्द केली.

पैशाचे महिन्यांत रूपांतर करण्याचा दरही कायद्यातच आहे. फक्त दंडाच्या शिक्षेचा गुन्हा असेल आणि दंड भरला नाही, तर किती कैद? १८६० च्या भारतीय दंड संहितेचे उत्तर होते, पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडासाठी जास्तीत जास्त दोन महिने, शंभरपर्यंत चार महिने, त्यापुढे सहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हेच कोष्टक नव्या भावाने लिहिले. पाच हजारांपर्यंत दोन महिने, दहा हजारांपर्यंत चार, त्यापुढे एक वर्ष. ‘दंड न भरल्यास दोन महिने साधी कैद’ हे बातमीतले ठरीव शेपूट या मोजणीतून येते.

वाक्यात ‘मीट आउट’ वापरण्याची रीत अवघड नाही. देणारा कर्ता, शिक्षा कर्म आणि जिला किंवा ज्याला ती मिळते त्याच्याआधी ‘टू’. ‘द जज मीटेड आउट हार्श पनिशमेंट्स टू द रायटर्स’, म्हणजे दंगेखोरांना न्यायाधीशांनी कडक शिक्षा दिल्या. इथे ‘ऑन’ किंवा ‘फॉर’ लावण्याची चूक सर्रास होते. ‘ऑन’ हा ‘इन्फ्लिक्ट’चा जोडीदार, कारण ते क्रियापद शिक्षा माणसावर आदळते, ‘मीट आउट’ ती त्याच्याकडे पोचवते. ‘आउट’ क्रियापदाला चिकटूनच राहिलेला बरा, कर्म मध्ये घातलेले क्वचितच आढळते. कर्मणी रचना तर फार लोकप्रिय. शिक्षा, न्याय, शिस्त, सूड ही त्याची नेहमीची कर्मे. बक्षीस किंवा कौतुक त्याच्याबरोबर आले तर कान टवकारतात. बोलण्यात हे क्रियापद फारसे येत नाही. आईने मुलाला धपाटा घातला, हे सांगताना कुणी ‘मीट आउट’ म्हणाला तर तो एक तर विनोद करतो आहे किंवा अग्रलेख लिहितो आहे. टेनिसनच्या ‘युलिसिस’ कवितेत कंटाळलेला म्हातारा राजा आपल्या राज्यकारभाराबद्दल बोलताना ‘आउट’शिवायचे हेच क्रियापद वापरतो, यावरून त्याचा दर्जा कळावा.

‘मीट आउट’चे आणखी एक नेहमीचे कर्म आहे, ‘ट्रीटमेंट’, म्हणजे वागणूक. त्यातही ‘स्टेपमदरली ट्रीटमेंट मीटेड आउट टू’ हे वाक्यखंड आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांचे आणि निवेदनांचे खास लाडके. रेल्वे असो, निधी असो की रस्ता असो, कोकणाला मिळालेल्या सावत्र वागणुकीची तक्रार इंग्रजीत गेली की हाच साचा धरते. मराठीतला ‘सापत्नभाव’ त्यामागे उभा आहे. अशा वाक्यात न्यायालय नसते, गुन्हाही नसतो. रत्नागिरीने याचा एक ठसठशीत नमुना पाहिला आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्यावर ना खटला चालला, ना कुण्या न्यायाधीशाने मुदत सांगितली. त्याच्याबाबत इंग्रजीत ‘शिक्षा’ मीट आउट झाली म्हणणे सैल ठरेल. ‘वागणूक’ मीट आउट झाली म्हणणे चपखल.

या वागणुकीच्या अर्थासाठी मराठीत शब्दशः भाषांतर करू गेले की वाक्य मोडते. ‘तिला मोजून दिली गेलेली वागणूक’ असे कुणी म्हणत नाही. मराठी म्हणते, ‘तिच्या वाट्याला आलेली वागणूक’. मापाची कल्पना इथेही आहे, कारण वाटा म्हणजे हिस्साच. पण इंग्रजी देणाऱ्याच्या बाजूने बोलते आणि मराठी घेणाऱ्याच्या. अपमान वाट्याला येतो, उपेक्षा पदरी पडते, वनवास नशिबी येतो. देणारा वाक्यातून अलगद निसटतो. सोसणाऱ्याचे दुःख सांगताना ही रचना फार प्रभावी, पण जबाबदारी कुणाची हे सांगायचे असेल तर गैरसोयीची. बातमीचे भाषांतर करणाऱ्याने म्हणून आधी पाहावे, की मूळ वाक्याला देणाऱ्याचे नाव घ्यायचे आहे की नाही.

इंग्रजीत याच्या जवळचे आणखी तीन-चार शब्द आहेत. ‘डोल आउट’मध्ये भिक्षेचा, थोडे थोडे हातावर टेकवण्याचा भाव आहे. ‘डील आउट’ पत्ते वाटण्याच्या जवळचा. ‘हँड डाउन’ न्यायासनावरून खाली दिलेल्या निकालासाठी. आणि ‘डिश आउट’ थेट स्वयंपाकघरातला, वाढप्याने पळी भरून ताटात वाढावे तसा. टीका, शिव्या, मार हे सगळे डिश आउट करता येते. भाषा अनौपचारिक, माप ढिले.

या शेवटच्या शब्दापुढे मराठी अजिबात मागे हटत नाही. शिक्षा हा खाण्याचा पदार्थ आहे, हे मराठी मुलाला अक्षरओळखीआधी कळते. दंगा केला तर ताटात धम्मकलाडू आणि चापटपोळ्या पडतील, अशी तंबी पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. लाडू म्हणजे वळलेल्या मुठीचा गुद्दा, पोळी म्हणजे उघड्या पंजाची चापट. आकारसुद्धा पदार्थाशी जुळवून घेतले आहेत. शाळेत छडीचा ‘प्रसाद’ मिळायचा. प्रसाद म्हटले की तो सगळ्यांना सारखा वाटायचा, नाकारायचा नाही आणि घेताना हात पुढे करायचा. सामूहिक शिक्षेचे याहून नेमके वर्णन इंग्रजीला सापडलेले नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास मनाई केली, तरी शब्द मागे उरले. घेणारासुद्धा खातोच. मार खातो, बोलणी खातो, शिव्या खातो. ‘डिश आउट’ने वाढले आणि ‘खाणे’ने गिळले, असा दोन भाषांचा व्यवहार जुळतो.

न्यायालयाची शिक्षा मात्र मराठी ताटात वाढत नाही. तिथे ‘ठोठावणे’ येते. दार ठोठावतात तोच हा शब्द, आवाजावरून झालेला. खिळा ठोकून पक्का करावा तशी शिक्षा पक्की होते, मागे घेता येत नाही, असा त्याचा ठसका. वाचकाला इथे न्यायाधीशाचा लाकडी हातोडा आठवतो, पण तो सिनेमातला. आपल्या न्यायालयांत हातोडा आपटण्याची रीत नाही. ‘सुनावणे’त ऐकवणे आहे, ‘फर्मावणे’त फारसी फर्मान आहे. तिघांचा वापर बहुधा अदलून-बदलून होतो, तरी एक भेद पाळण्यासारखा आहे. ठोठावतात ती शिक्षा आणि दंड. सुनावतात तो निकालही असू शकतो. ‘न्याय ठोठावला’ असे म्हणता येत नाही. इंग्रजीत ‘जस्टिस’ मीट आउट होतो, मराठीत न्याय ‘दिला’ किंवा ‘केला’ जातो. यंत्राने किंवा घाईने केलेल्या भाषांतरात हीच ठेच लागते.

रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ च्या रात्री न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड ठोठावला. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस होता. पुढे दंड माफ झाला, काळ्या पाण्याची साधी कैद झाली आणि ती मंडालेत भोगून टिळक १९१४ च्या जूनमध्ये सुटले. या तपशिलात मोजण्याची क्रिया स्पष्ट दिसते. वर्षे, रुपये, कैदेचा प्रकार, प्रत्येकाचे वेगळे माप, आणि प्रत्येक माप नंतर बदलता येणारे. ‘ठोठावणे’ म्हटले की एकच घाव ऐकू येतो. ‘मीट आउट’ म्हटले की तराजू दिसतो. विनायक दामोदर सावरकरांच्या बाबतीत तर बेरीज करावी लागली. पंचवीस वर्षांच्या दोन जन्मठेपा, एकामागून एक भोगायच्या, म्हणजे पन्नास वर्षे. अंदमाननंतर इथल्या तुरुंगांत राहून ते १९२४ मध्ये सुटले, ते रत्नागिरी जिल्ह्यातच राहण्याच्या अटीवर. मग माप वर्षांचे न राहता हद्दीचे झाले. मुदत आधी पाच वर्षांची होती, ती वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली.

मराठेशाहीच्या न्यायव्यवहारात मोजणीची आणखी एक गंमत होती. दाव्याचा निकाल लागला की सरकार दोन्ही पक्षांकडून पैसे घेई. जिंकलेल्याकडून ‘हरकी’, म्हणजे आनंदाचा नजराणा. हरलेल्याकडून ‘गुन्हेगारी’, म्हणजे दंड. आज गुन्हेगारी हा वाढणारा किंवा घटणारा प्रकार आहे. त्या कागदांत ती वसूल करून जमेला धरायची रक्कम होती. हरकीला मात्र शिक्षा म्हणावे की नाही, हे जिंकणाऱ्याने ठरवायचे.

मापच नसलेली शिक्षाही कोकणाच्या ओळखीची आहे. गावकीने घराला ‘वाळीत टाकणे’. त्या घराशी बोलणे बंद, लग्नकार्याचे बोलावणे बंद, शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी इतरांच्या अंगणात नाचते आणि या दारासमोरून पुढे निघून जाते. कधी आधी दंड सांगितला जातो आणि तो भरला नाही की बहिष्कार. पण बहिष्कार किती दिवसांचा, हे कुणी सांगत नाही. इंग्रजी बातमीत अशी शिक्षाही ‘मीट आउट’ होते, कारण वृत्तलेखकाच्या हाताशी ते क्रियापद तयार असते. शब्दाच्या मुळाशी गेले तर ते इथे बसत नाही. मराठी ‘टाकणे’ मात्र बरोबर बसते. टाकलेल्या वस्तूची मोजणी कोण ठेवतो?

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा मंजूर केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. वाळीत टाकणाऱ्यांना त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही ठोठावता येतात.